मार्कोव्ह शृंखलांचे समुच्चयन
अवस्थांची संख्या अवाढव्य असलेल्या मार्कोव्ह शृंखलेऐवजी मोजक्या अवस्थागटांची लहान शृंखला घेऊन रांगव्यवस्थेचे वर्तन अदमासे काढण्याची रीत. तिचा पाया हर्बर्ट सायमन व आल्बर्ट आन्डो यांनी १९६१ मध्ये अर्थमितीत घातला, पी. जे. कूर्त्वा यांनी १९७७ च्या ग्रंथात ती रांगा व संगणक प्रणालींना लावली (पहा : रांग सिद्धांत). दहा सेवाकेंद्रे आणि प्रत्येकात शून्य ते नऊ ग्राहक, एवढ्याशा जाळ्यातही अवस्था १,००० कोटी होतात. त्यांची समीकरणे थेट सोडवणे अव्यवहार्य ठरते. गटाच्या आतील संक्रमणे वारंवार व गटागटांमधील विरळ असतील, तर प्रत्येक गट आधी स्वतंत्र मानून त्याचे स्थिर वितरण काढतात. त्या वितरणाने भारित केलेल्या संक्रमण-संभाव्यतांवरून गटांची शृंखला मांडून सोडवतात. शेवटी दोन्ही उत्तरांच्या गुणाकाराने मूळ अवस्थांच्या संभाव्यता मिळतात. गट आतून चटकन स्थिरावत असतील, तर त्रुटी साधारणपणे गटांमधील कमाल संक्रमण-संभाव्यतेच्या प्रमाणात राहते. गट चुकीचे पाडल्यास ही हमी उरत नाही. केमेनी व स्नेल यांची समूहनीयतेची अट (एका गटातील प्रत्येक अवस्थेतून दुसऱ्या कोणत्याही गटात जाण्याची एकूण संभाव्यता सारखीच असणे) पुरी झाल्यास गटांची शृंखला अचूकच असते, परंतु अशी उदाहरणे थोडी. आभासी स्मृती असलेल्या बहुकार्यक्रमी संगणकांच्या विश्लेषणात ही रीत विशेष उपयोगी पडली (पहा : आव्यूह, संभाव्यता सिद्धांत).