ध्वनिरोध आणि चाचणी वैमानिक (चित्रपटांतील)

ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या चाचणी वैमानिकांवरील पहिला गाजलेला चित्रपट म्हणजे डेव्हिड लीन यांचा ‘द साउंड बॅरियर’ (१९५२). पटकथा टेरेन्स रॅटिगन यांची. विमाननिर्मात्याच्या हट्टापायी त्याचा वैमानिक जावई प्राण गमावतो. पुढे दुसरा वैमानिक सूर मारताना दांडा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो आणि ‘भिंत’ फुटते. प्रसंग थरारक, पण विज्ञान साफ चुकीचे. प्रत्यक्षात १४ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकेचे चक येगर यांनी बेल एक्स-१ हे रॉकेट-विमान सरळ उड्डाणात मॅक १.०६ (ध्वनीच्या वेगाच्या १.०६ पट) पर्यंत नेले. त्यात शेपटीचा संपूर्ण आडवा पंख फिरवता येण्याची सोय निर्णायक ठरली. चित्रपटात येगर यांचा मागमूसही नाही. ब्रिटिश प्रेक्षकांपैकी अनेकांना ध्वनीचा वेग प्रथम ओलांडण्याचा मान आपलाच वाटला, यात नवल नाही.

फिलिप कॉफमन यांच्या ‘द राइट स्टफ’ने (१९८३) ही उणीव भरून काढली. घोड्यावरून पडून बरगड्या मोडलेला येगर (सॅम शेपर्ड) झाडूच्या दांड्याच्या तुकड्याने विमानाचे दार लावतो, ही घटना कपोलकल्पित वाटली तरी खरी आहे. खुद्द येगर यात मद्यगृहातल्या एका किरकोळ भूमिकेत दिसतात.