पाणचक्की आणि विजेची मोटर

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पुष्कळ पिढ्यांच्या तोंडचें औरंगाबाद. या शहरांत खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ, पाणचक्की आहे. इ. स. १७४४ च्या सुमारास तुर्कताज खान या निजामाच्या सरदारानें ती उभारली असें सांगतात. डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून चक्राच्या पात्यांवर सोडीत, आणि त्यावर फकीर व यात्रेकरू यांच्यासाठीं धान्य दळलें जाई. अशा चक्राचा एक स्वभाव असतो. दाणे कमी पडले कीं जातें पळूं लागतें. दाणे वाढले कीं तें मंदावतें, पण त्याचा जोर वाढतो.

विजेच्या मोटरींतही असेच स्वभावभेद आहेत, आणि ते न ओळखतां मोटर घेणाराला त्याची किंमत मोजावी लागते.

निकोला टेस्ला यांना १८८८ सालीं जिचे हक्क मिळाले, ती इंडक्शन मोटर शिस्तीची. तिची गति विजेच्या आवर्तनांशीं जखडलेली असते. आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनें. त्यामुळें दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला ३००० हून किंचित् कमी फेरे घेते, चार ध्रुवांची १५०० हून कमी. ओझें वाढलें तरी ती फारशी मंदावत नाहीं. पिंजऱ्याच्या धाटणीच्या मोटरींत झिजणारे ब्रशही नसतात. पिठाची गिरणी, लेथ, पाण्याचा पंप यांना हीच योग्य. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं, १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे पुत्र रवि किर्लोस्कर यांनीं १९४६ सालीं बंगलोरास विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला. शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटर पोंचली ती अशा उद्योगांमुळें.

परंतु सुतारानें हातांत धरावयाच्या बरम्याला ही मोटर चालत नाहीं. शक्ति म्हणजे पीळ आणि गति यांचा गुणाकार. गति ३००० वर अडली, तर शक्ति वाढविण्यासाठीं पीळ वाढवावा लागतो, म्हणजे लोखंड व तांबें वाढवावें लागतें, आणि तें सारें वजन मनगटावर येतें. जर्मनींतील फाइन यांच्या कारखान्यानें १८९५ सालीं हातबरमा केला. अमेरिकेंत ब्लॅक आणि डेकर यांनीं पिस्तुलासारख्या मुठीचा बरमा पुढें आणला. अशा हत्यारांत पुढें रूढ झाली ती युनिव्हर्सल मोटर. ती मिनिटाला वीस हजारांवरही फेरे घेते. दंतचक्रांनीं ती गति उतरवितां येते. टोंक लांकडांत अडलें कीं ती मंदावते आणि अधिक जोर लावते, अगदीं पाणचक्कीसारखी. तिच्या ब्रशांच्या ठिणग्यांनीं शेजारच्या रेडिओंत खरखर होते, हा तिचा अवगुण श्रोत्यांच्या परिचयाचा असेल!

मग हीच हलकी मोटर पिठाच्या गिरणीला कां लावूं नये? कारण त्या मोठ्या मोटरीवरून पट्टा निसटला, तर ओझें नाहींसें झाल्याबरोबर ती स्वतःचे वेढे फाटेपर्यंत धांवेल. बरम्यांत निदान दंतचक्रांचें व पंख्याचें ओझें कायम असतें. इंडक्शन मोटरीचा पट्टा निसटला, तर ती आपल्या ठरलेल्या गतीनें फिरत राहते, आणि गिरणीवाल्याला बटण बंद करावयास वेळ मिळतो.