श्वास, मज्जासंस्था आणि स्वामी कुवलयानंद

मन भयाने अथवा चिंतेने व्यापले म्हणजे श्वास उथळ व जलद होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. उलटपक्षी श्वास मंद केला असता मनाची खळबळ ओसरते, हे आपल्या हठयोग्यांनी फार पूर्वी ओळखले होते. स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त वायूची चंचलता व चित्ताची चंचलता यांचा संबंध स्पष्ट सांगितलेला आहे. परंतु असे का घडावे, हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणाऱ्यांत एका मराठी पुरुषाचे नाव अग्रभागी येते. आणि त्या कार्याचा आरंभ झाला तो बडोद्यास.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म 1883 साली बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. 1907 ते 1910 या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली शरीरशिक्षण घेतले. पुढे अमळनेरास अध्यापन करीत असता नर्मदातीरी मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा लाभली. गुरूने दिलेली विद्या त्यांनी श्रद्धेने स्वीकारली. पण तिच्या परिणामांची परीक्षा मात्र उपकरणांवर सोपविली. 1920–21 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने उड्डियान व नौली या क्रियांचा अभ्यास केला. 1924 साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले.

प्राणायामाने शरीरास विपुल प्राणवायू मिळतो व त्यातच त्याचे सारे महत्त्व आहे, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती व आजही ती पुष्कळांच्या मनात आहे. कुवलयानंदांनी श्वासातील वायूंचे मोजमाप केले, तेव्हा हे स्पष्टीकरण टिकेना. प्राणायामाचे खरे मोल अधिक प्राणवायू मिळविण्यात नसून मज्जासंस्थेला वळण लावण्यात आहे, असे मत त्यांनी मांडले. योगाचा कैवार घेणाऱ्याने योगाच्याच बाजूने केला जाणारा एक लोकप्रिय युक्तिवाद बाजूस सारावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

योगायोग असा की, 1921 सालीच ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयावरील प्रयोग प्रसिद्ध करून, व्हेगस नावाचा मज्जातंतू एका रासायनिक द्रव्याच्या द्वारे हृदयाची गती मंद करतो, हे दाखविले. श्वास आत घेताना या तंतूचा लगाम किंचित सैल होतो व नाडी वेग घेते. श्वास सोडताना तो पुन्हा ताणला जातो व नाडी मंदावते. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे 12 ते 20 श्वास घेतो. ही संख्या सहाच्या आसपास आणली म्हणजे नाडीचा हा चढउतार ठळक होतो. उच्छ्वास लांबविल्याने क्षुब्ध मनुष्यास पुष्कळदा स्वस्थता वाटते, त्याच्या मुळाशी बहुधा हीच यंत्रणा आहे.

योगशास्त्राने प्राणायामाच्या आधी आसनाला स्थान दिले, यातही औचित्य आहे. स्थिर बैठक, सैल सोडलेले स्नायू आणि भूमीला टेकलेल्या शरीराचे भान यांमुळे भविष्याच्या भीतीत भरकटणारे लक्ष जवळच्या, प्रत्यक्ष गोष्टीवर येते. मन शांत करू पाहणाऱ्या सामान्य माणसास आरंभी एवढे पुरे. दीर्घ कुंभकाची त्याला गरज नाही. अयुक्त अभ्यासाने रोग उद्भवतात, असा इशारा खुद्द ‘हठप्रदीपिके’नेच दिला आहे.

1963 साली कुवलयानंद व डॉ. विनेकर यांचा योगचिकित्सेवरील ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केला. 1966 साली स्वामीजींचे देहावसान झाले. त्यानंतर योगाचा प्रसार जगभर झाला, आणि त्याबरोबर प्राणायामाने वाटेल तो रोग बरा होतो, असे दावेही फैलावले. गांजलेल्या मनुष्याला अशा दाव्यांचा मोह लवकर पडतो, आणि अवश्य ते औषधोपचार लांबणीवर पडून त्याची हानीही होते. म्हणूनच बडोद्यात सुरू झालेल्या त्या परीक्षेचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. श्वासाने काय साधते हे जितक्या आस्थेने सांगावयाचे, तितक्याच प्रांजळपणे काय साधत नाही हेही सांगावयाचे, हा त्या परंपरेचा वारसा आहे.