वही विकत, सॉफ्टवेअर भाड्यानं

एमएस्सी झाल्यावर पीएचडीसाठी हिशेबाच्या वह्या कशाला, असं मला बरेच जण विचारतात. आज त्याचं उत्तर एका ताज्या तक्रारीतून देऊन पाहू. जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर एखाद्या दुकानदाराकडे हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचा विषय काढा. तो आधी आकडा सांगेल आणि मग कपाळाला हात लावेल.

आकडे खरेच आहेत. टॅलीचा एका संगणकाचा कायमचा परवाना १८,००० रुपयांना होता, तो २२,५०० झाला. वर्षाची सेवा ३,६०० वरून ४,५०० वर गेली. म्हणजे दोन्हीकडे २५ टक्के वाढ. वर १८ टक्के जीएसटी धरला, तर ४,५०० चे होतात ५,३१०. नियमित जीएसटी भरणाऱ्याला वरचे ८१० रुपये क्रेडिटमध्ये मिळतात, कंपोझिशनमधल्या छोट्या दुकानदाराला ते खिशातूनच जातात.

आता जरा मागे जाऊ. लाल कापडी बांधणीची वही दिवाळीत एकदा आणायची, लक्ष्मीपूजनाला पुजायची, की वर्षभराचं काम झालं. कीर्द-खतावणी लिहायला मुनीम लागायचा आणि त्याचा पगार हाच खरा खर्च. पण वही मालकाची असायची, आणि मुनीम सोडून गेला तरी ती दुकानातच राहायची.

या व्यवस्थेला फार गोड समजू नका. वही सावकाराची होती, कुणब्याची नव्हती. मोडी किंवा महाजनी लिपीत काय लिहिलंय, हे अंगठा उठवणाऱ्याला कळायचं नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दंगे सुरू झाले, तेव्हा लोकांचा मुख्य रोख सावकारांकडच्या कर्जखतांवर होता. ते कागद हिसकावून जाळले गेले. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात कर्जदाराला पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. हे घडलं पुणे-नगरकडे, पण त्यातला मुद्दा आपल्यालाही लागू होतो: हिशेब कुणाच्या ताब्यात आहे, यावर व्यवहारातली ताकद ठरते.

संगणक आला तो कापडाच्याच ओळखीतून. श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवायचे. त्यांच्या हिशेबासाठी मुलगा भरत यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि १९८६ मध्ये बंगळुरूत कंपनी उभी राहिली. तिचीच पुढे टॅली झाली. तेव्हाचा व्यवहार वहीसारखाच होता: एकदा पैसे द्या, फ्लॉपी घ्या, संगणकाच्या मागे लॉक लावा आणि वापरत राहा.

मग दरवर्षी पैसे कशाचे? इथे कंपनीइतकाच सरकारचाही हात आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. ई-इन्व्हॉइसची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीला होती, ती उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. एखादी मध्यम डाळ मिलसुद्धा त्यात सहज बसते. कागदी वहीला नियम बदलला तरी अपडेट लागत नव्हता. सॉफ्टवेअरला लागतो, आणि तो सेवेचे पैसे भरल्यावरच मिळतो. सेवा संपली तरी टॅलीतली जुनी आवृत्ती चालू राहते, पण नवी आवृत्ती आणि ऑनलाइन जोडणी थांबते. त्यामुळे परवाना नावाला कायमचा आणि खर्च मात्र दरसालचा, अशी गत होते.

निव्वळ भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये धोका आणखी एक पायरी पुढे जातो. क्विकबुक्सनं २०२३ मध्ये भारतातली सेवाच बंद केली आणि ग्राहकांना आपले हिशेब दुसरीकडे हलवावे लागले. इकडे जीएसटी कायदा सांगतो की वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवा. म्हणजे वही सहा वर्षं ठेवायची जबाबदारी तुमची, पण ती उघडायची किल्ली दुसऱ्याकडे.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना फक्त किंमत विचारू नका. पैसे थांबवले तर जुना हिशेब दिसेल का? सगळा डेटा एक्सेलमध्ये काढता येईल का? बॅकअप माझ्या डिस्कवर राहील का? दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल, तर जीएसटी नेटवर्कनं छोट्या करदात्यांसाठी मोफत सॉफ्टवेअरची सोय केली होती, तिचीही चौकशी आपल्या कर सल्लागाराकडे करा.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी दफ्तरं सांभाळतंय. ते कागद आज वाचता येतात, कारण ते उघडायला कुणाचं रिन्यूअल लागत नाही. तुमच्या दुकानाचा २०२५ चा हिशेब २०३५ मध्ये उघडेल का, एवढं एकदा आजच तपासून बघा.