चाळीस वर्षांची चौकडी

मराठीत 'चौकडी' हा शब्द फारशा आदराने उच्चारला जात नाही. चार डोकी एकत्र आली की काहीतरी उपद्व्याप होणार, असेच आपण गृहीत धरतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र चौघांच्या वादनाला, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेटला, फार मोठा मान आहे. दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा आणि खर्जाकडे झुकणारा व्हायोला आणि गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा चेलो, एवढाच संच. अठराव्या शतकात हायडनने या प्रकाराला घाट दिला. मोझार्ट आणि बीथोवन यांनी त्याला शिखरावर नेले. आपल्या मैफलीत मुख्य कलावंत आणि साथीदार अशी उतरंड असते. इथे ती नाही, आणि हात हलवून ताल देणारा संचालकही नाही. स्वर कागदावर लिहिलेले असतात. पण कुठे श्वास घ्यायचा, कुठे कोणी मागे सरायचे, हे चौघांनी मिळून ठरवायचे. असा संसार चाळीस वर्षे एकही माणूस न बदलता करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. लंडनच्या अमेडिअस क्वार्टेटने तो केला. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला त्यांच्या वादनाइतकीच त्यांच्या एकत्र येण्याची हकीकत महत्त्वाची वाटते.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातला. व्हिएन्नातील ज्यू कुटुंबांवर आकाश कोसळले. नॉर्बर्ट ब्रेनिन, झिगमुंड निसेल आणि पीटर शिडलोफ ही तीन व्हायोलिन वाजवणारी मुले वेगवेगळ्या वाटांनी इंग्लंडला पोहोचली. तिथे तरी सुख लागावे! पण १९४० साली फ्रान्स पडला, ब्रिटन घाबरले, आणि जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांना 'शत्रुराष्ट्राचे परकीय' ठरवून सरसकट स्थानबद्ध करण्यात आले. ज्यू म्हणून एका देशाने हाकलले, तर जर्मन म्हणून दुसऱ्याने कोंडले. सतरा-अठरा वर्षांच्या या पोरांचा अपराध एवढाच की त्यांच्या कागदपत्रांवर चुकीच्या देशाचे नाव होते.

मात्र नियतीचा खेळ पाहा. श्रॉपशरमधील प्रीस हीथच्या छावणीत ब्रेनिन आणि शिडलोफ यांची गाठ पडली. पुढे आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत शिडलोफला निसेल भेटला. या छावण्यांत प्राध्यापक, चित्रकार, वादक असे कितीतरी विद्वान अडकलेले होते. तारांच्या कुंपणाआड व्याख्याने आणि मैफली चालत. सुटकेनंतर तिघेही मॅक्स रोस्टल या थोर व्हायोलिनवादकाकडे शिकू लागले. रोस्टल स्वतःही निर्वासितच. त्यांनी या मुलांकडून एक पैसाही घेतला नाही. युद्धकाळात पोटासाठी पडेल ते काम करायचे आणि उरलेल्या वेळात रियाज, असा तो काळ होता.

चौथा गडी मार्टिन लव्हेट हा लंडनमध्येच जन्मलेला चेलोवादक. एका संचात तीन व्हायोलिने चालत नाहीत. तेव्हा शिडलोफने आपले वाद्य बाजूला ठेवून व्हायोला उचलला. आयुष्यभर ज्या वाद्यावर बोटे फिरली ते बाजूला ठेवायचे, तेही दुसऱ्या दोघांची जागा राहावी म्हणून! या संस्थेचा पाया या एका त्यागावर उभा आहे, असे मी मानतो. पुढे व्हायोलावादक म्हणूनच त्याचे नाव जगभर झाले.

१९४७ च्या उन्हाळ्यात डार्टिंग्टन येथे चौघे प्रथम एकत्र वाजले. तेथील संगीतशिक्षिका इमोजेन होल्स्ट यांनी त्यांचे पाणी जोखले आणि लंडनच्या विगमोर हॉलमधील कार्यक्रमाचा खर्च स्वतः उचलला. १० जानेवारी १९४८ रोजी मोझार्टच्या नावातला 'अमेडिअस' हा शब्द धारण करून चौकडी रंगमंचावर आली आणि त्या रात्रीपासून तिने मागे वळून पाहिले नाही.

यानंतरचा प्रश्न खरा अवघड होता. ज्यांनी घरातून हाकलले त्यांच्या देशात जाऊन वाजवायचे का? १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच ही मंडळी जर्मनीत गेली. बीथोवनच्या क्वार्टेट्सचे त्यांचे गाजलेले ध्वनिमुद्रण (१९५९ ते १९६३) एका जर्मन कंपनीनेच काढले, आणि उत्तरायुष्यात कलोनच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी जर्मन मुलांना शिकवले. काहींना हे रुचणार नाही. मला मात्र त्यात विस्मरण दिसत नाही, हक्क दिसतो. मोझार्ट, शूबर्ट हा त्यांचा वारसा होता. हिटलरने तो आपल्या नावावर करून घेतला म्हणून त्यांनी तो सोडला नाही. भाषिक सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नको. शिडलोफ आणि निसेल यांच्याच वर्षी, १९२२ मध्ये, जन्मलेल्या गदगच्या भीमसेन जोशींची मातृभाषा कन्नड. पण त्यांच्या अभंगांवाचून मराठी घरातली आषाढी पुरी होत नाही. सूर कुणाच्या मालकीचा, याचे उत्तर सातबाऱ्यावर सापडत नसते.

१९७६ साली बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने आपला तिसरा आणि अखेरचा क्वार्टेट याच चौघांच्या हाती दिला. ४ डिसेंबरला ब्रिटन गेले. १९ डिसेंबरला स्नेप येथे त्याचे पहिले वादन झाले. एकेकाळी ज्यांना 'शत्रू' म्हणून कोंडले, त्यांच्याच तोंडून इंग्लंडने आपल्या थोर संगीतकाराचा अखेरचा शब्द ऐकला.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये शिडलोफ हृदयविकाराने गेला. दुसरा उत्तम व्हायोलावादक मिळणे कठीण नव्हते. अनेक क्वार्टेट माणसे बदलून शतकभर चालतात, आणि त्यात काही गैर नाही. पण उरलेल्या तिघांनी त्या जागेवर कुणालाही बसवले नाही. चौकडी त्या दिवशीच संपली. ब्रेनिन २००५ मध्ये, निसेल २००८ मध्ये आणि लव्हेट कोरोनाच्या साथीत २०२० मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी गेले.

आपल्याकडे संस्था माणसांपेक्षा मोठी, हे वाक्य सत्कारसमारंभात हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही संस्था म्हणजे ती माणसेच असतात, आणि ती कुठे संपवावी हे कळणे हाही ताल सांभाळण्याचाच भाग आहे.