दारातला हत्ती आणि रोजची चंदी

तीन वर्षांपूर्वी मी एक गाडी घेतली. आठ वर्षं वापरलेली, जर्मन बनावटीची, सहा सिलिंडर आणि तीन लिटरचं इंजिन. नवी असताना साठ लाखांच्या घरातली ती गाडी मला चौदा लाखांत मिळाली. त्यातले नऊ लाख बँकेचे होते. कोंढव्यातल्या आमच्या गल्लीत ती आली तेव्हा शेजारीपाजारी मुबारकबाद द्यायला आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, ‘केवढ्याला पडली?’ किंमत ऐकून सगळे म्हणाले, ‘फुकटात मिळाली की!’

फक्त अम्मीने वेगळा प्रश्न विचारला. गॅलरीतून गाडीकडे बघत ती म्हणाली, ‘रोज खाते किती?’

तिचे सासरे, म्हणजे माझे दादा, जालन्यात टांगा चालवायचे. त्यामुळे दारात उभ्या राहणाऱ्या वाहनाबद्दल पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे तिला ठाऊक होतं. मी मात्र फावल्या वेळात इतिहास वाचणारा, लिहिणारा माणूस असूनही तिचा प्रश्न हसण्यावारी नेला. पुढे चौदा महिने रोज कोंढवा ते हिंजवडी अशी ये-जा केल्यावर त्याचं उत्तर मिळालं.

आधी हिशेब सांगतो. जाऊन-येऊन ५५ किलोमीटर, महिन्यातले २४ दिवस, म्हणजे १,३२० किलोमीटर. पुण्याच्या वाहतुकीत गाडी लिटरला साडेसहा किलोमीटरच्या पुढे क्वचित गेली. महिन्याला २०० लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी २१,००० रुपये. पहिल्या वर्षाचं पेट्रोल झालं २,५२,०००. विमा ६२,०००. सर्व्हिसिंग ५४,०००. चार टायर ९२,०००. पावसाळ्यात गाडी एका बाजूला बसली, हवेच्या सस्पेन्शनची दुरुस्ती निघाली, तिचे १,६८,०००. एकूण ६,२८,०००. धावली १५,८४० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ ४० रुपये. त्याच काळात पुण्यात रिक्षाचा मीटर किलोमीटरला १७ रुपये घेत होता. बँकेचे हप्ते आणि गाडीची उतरत गेलेली किंमत यात धरलेलीच नाही.

असं का होतं, हे समजायला मेकॅनिक असण्याची गरज नाही. मोठं इंजिन मोकळ्या महामार्गावर वजनदार गाडी वेगाने ओढण्यासाठी बनवलेलं असतं. सिग्नलला उभं असतानाही त्याला सहा सिलिंडर फिरवत ठेवावे लागतात. दोन टनांच्या आसपासचं धूड शंभर पावलं पळवायचं, लगेच ब्रेक लावायचा, पुन्हा पळवायचं. दरवेळी जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या तबकडीवर उष्णता होऊन उडून जातं. दुसरी गोष्ट अशी, की जुनी झाल्यावर गाडीची किंमत उतरते, तिचा खुराक उतरत नाही. मी चौदा लाखांत साठ लाखांची गाडी घेतली होती, पण तिचे टायर, ब्रेक, सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचेच होते. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्या पावसाळ्यात गाडी गॅरेजमध्ये असताना मी पुन्हा एकदा अबुल फजलचा ‘आईन-ए-अकबरी’ उघडला. अकबराच्या राज्याचं वैभव सांगणारा ग्रंथ म्हणून आपण तो वाचतो. या वेळी मला त्यात एका शहाण्या कारभाऱ्याचं खर्चाचं रजिस्टर दिसलं. हत्तीचं रूप, त्याची चाल, युद्धातली त्याची किंमत हे सगळं त्यात आहेच. पण त्याहून बारकाईने लिहिलंय ते त्याच्या पोटाबद्दल. हत्तींचे सात वर्ग आणि प्रत्येकाचा ठरलेला खुराक. ‘मस्त’ वर्गातल्या मोठ्या हत्तीला दिवसाला दोन मण चोवीस शेर. अकबरी मण आजच्या हिशेबाने सुमारे पंचवीस किलोंचा, म्हणजे रोजचे साधारण ६५ किलो. अशा एका हत्तीमागे साडेपाच माणसं. माहुताला महिना २०० दाम, म्हणजे पाच रुपये, कारण चाळीस दामांचा एक रुपया व्हायचा. हत्ती माहुताला खाली ओढण्याची खोड असलेला असेल, तर त्याला २२० दाम. खोडकर जनावर सांभाळायचा दर जास्त! माझ्या गॅरेजवाल्याने हे वाचलं नव्हतं, पण तत्त्व त्याला तंतोतंत ठाऊक होतं.

अबुल फजलला एक गोष्ट पक्की कळली होती. हत्ती विकत घेणं किंवा बक्षीस मिळणं ही एका दिवसाची गोष्ट. तो सांभाळणं ही रोजची. अकबराने हत्तींचे कळप केले, त्यांना ‘हलका’ म्हणत, आणि त्यातले काही अमिरांकडे सांभाळायला दिले. अमिराला त्यात मान होता आणि मानाबरोबर जबाबदारीही होती. मनसबदाराच्या पगारात घोडे, हत्ती, उंट, गाडे बाळगण्याचा खर्च धरलेला असे. हा खर्च वाचवण्यासाठी काही जण हजेरीच्या दिवशी उसने घोडे आणून उभे करायचे. म्हणून घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचं वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत आणावी लागली. जनावर पोसण्यापेक्षा ते पोसतोय असं दाखवणं स्वस्त पडतं, हे सोळाव्या शतकातल्या लोकांनाही उमगलं होतं.

पुढे याच खर्चाने मनसबदारांना जेरीस आणलं, आणि त्याची कहाणी आपल्या दख्खनशी जोडलेली आहे. औरंगजेबाच्या काळात ‘खुराक-ए-दवाब’ नावाची एक आकारणी होती. दवाब म्हणजे जनावरं. बादशाही तबेल्यातल्या जनावरांच्या चाऱ्याचा भार मनसबदारांवर टाकला जाई. दख्खनच्या लांबलेल्या युद्धात मनसबदार वाढले, द्यायला जहागिरी उरल्या नाहीत. ज्यांना मिळाल्या त्यांच्या जहागिरीचं कागदावरचं उत्पन्न आणि हातात येणारी रक्कम यांत जमीन-अस्मानाचा फरक. चाऱ्याची मागणी मात्र थांबली नाही. दरबारातल्या मनसबदारांच्या वकिलांना त्यासाठी कसं छळलं जाई, ते खाफी खानाने लिहून ठेवलंय. औरंगजेबानंतर बहादूरशाहच्या काळात वजीर मुनीम खानाने हा खर्च जहागीर देतानाच वजा करण्याची सोय केली, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

हे वाचताना मला माझा मोबाईल आठवला. पगार जमा झाल्याचा संदेश यायचा आणि पाठोपाठ हप्ता कापल्याचा. पेट्रोलसाठी क्रेडिट कार्ड. कागदावर माझं उत्पन्न चांगलं होतं. खुराक-ए-दवाब मात्र आधी वसूल व्हायचा.

याच दख्खनमध्ये या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक राजा होऊन गेला. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, त्याची चंदी-वैरण सरकारची. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि तो पोसण्याची जबाबदारीही त्याचीच. आजच्या भाषेत, बारगीर म्हणजे कंपनीची गाडी मिळालेला साहेब, आणि शिलेदार म्हणजे हप्त्यावर गाडी घेतलेला माझ्यासारखा माणूस. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये माझ्या शेजारी तशाच दोन गाड्या उभ्या असायच्या. त्यांचं पेट्रोल, विमा, टायर सगळं कंपनी बघायची, हे मला फार उशिरा कळलं. मी बारगिरांकडे बघून शिलेदार झालो होतो.

महाराजांचं १६७३च्या मे महिन्यातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूण भागात पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेलं आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आशयासाठी ते नेहमी सांगितलं जातं. पण पत्र मुळातून वाचलं तर त्याची सुरुवात जनावरांच्या खर्चाच्या हिशेबाने होते. पावसाळ्यासाठी पागेला दाणा-वैरण साठवली आहे. ती आत्ताच बेहिशेबी उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचे दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी लाकडं, कोणी भाजीपाला. घर धरून राहिलेले कुणबी गाव सोडून जाऊ लागतील, आणि त्यांना मोगल बरे वाटू लागतील.

या पत्रातली साखळी नीट पाहा. वैरणीचा हिशेब चुकतो, तेव्हा भुर्दंड घोड्यावर बसणाऱ्याला बसत नाही. जो कधी घोड्यावर बसलाच नाही, त्या कुणब्याच्या घरातली भाकर जाते. राजाला ते आधीच दिसत होतं, म्हणून त्याने आधीच लिहिलं.

मोटारीचं युग आलं तेव्हा सुरुवातीला हा हिशेब फक्त राजेरजवाड्यांचा होता. आमच्या मराठवाड्याचे तेव्हाचे शासक निजाम. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडी मागवली, आत सिंहासनासारखी बैठक असलेली. ती येण्याआधीच १९११ साली ते वारले. पुढे उस्मान अली खान यांनी ती खास समारंभांपुरतीच वापरली. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्यांची गणना व्हायची, त्यांनीही शानेची गाडी रोजच्या कामाला जुंपली नाही.

ते धाडस विसाव्या शतकातल्या अमेरिकी मध्यमवर्गाने केलं. आठ सिलिंडरच्या लांबलचक गाडीत एकटा माणूस बसून रोज कामावर जाऊ लागला, कारण पेट्रोल स्वस्त होतं आणि खुराकाचा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. ऑक्टोबर १९७३च्या युद्धात अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या जवळ गेला. पंपांवर रांगा लागल्या. १९७४मध्ये महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९७५मध्ये गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा झाला, आणि छोट्या जपानी गाड्यांना गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडेही पेट्रोल भडकलं. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते.

अमेरिकेला कायदा करावा लागला. माझ्या घरात कायदा करणारं कोणी नव्हतं. सस्पेन्शनचं बिल आलं तेव्हा बायकोने तिच्या दोन बांगड्या गहाण ठेवायला काढून दिल्या, काही न बोलता. मुलीने सांगितलं की तिला शिकवणीची गरज नाही, ती घरीच अभ्यास करेल. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. दोन्ही वेळा, ‘घाई कशाला, दिसतंय की मला,’ असं तीच म्हणाली. या तिघी मिळून त्या गाडीत महिन्यातून दोनदासुद्धा बसत नव्हत्या. चिपळूणच्या पत्रातले कुणबी कोण, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी मी चौदा महिन्यांनी नऊ लाखांना विकली. पाच लाखांचा फटका बसला, पण वर्षाचा सव्वासहा लाखांचा खुराक थांबला. आता सीएनजीवर चालणारी छोटी गाडी आहे, तीही जुनीच. बांगड्या सुटल्या. अम्मीचं ऑपरेशन झालं.

मोठी गाडी घेणं गुन्हा नाही. वर्षाचा खुराक ज्याच्या घराला जाणवत नाही, त्याने खुशाल घ्यावी. पण बाकीच्यांनी गाडी बघायला जाण्याआधी एका कागदावर रोजचे किलोमीटर, खरं मायलेज, विमा, टायर आणि एक मोठी दुरुस्ती एवढं लिहावं. किंमत सगळ्यात शेवटी लिहावी. आणि त्याखाली एक ओळ आणखी, हा खर्च वाढला तर घरातलं कोण काय सोडून देईल?

ऑपरेशननंतर एका संध्याकाळी अम्मी दादांची आठवण सांगत होती. ते टांगा सोडून घरी आले की आधी घोड्यापुढे चण्याची तोबरी बांधत आणि मग स्वतः दस्तरखानावर बसत. मी विचारलं, घोडा घरच्यांच्या आधी खायचा, याचं कधी कुणाला वाईट नाही वाटलं?

ती म्हणाली, ‘कशाला वाटेल? आमची रोटी तोच तर कमवून आणायचा.’