टर्बोचार्ज्ड इंजिन बदल

टर्बोचार्ज्ड इंजिन बदल म्हणजे मोटारगाडीचे मूळ इंजिन काढून त्या जागी टर्बोचार्जर असलेले दुसरे इंजिन बसवणे होय. यालाच इंजिन स्वॉप असेही म्हणतात. शर्यतीच्या गाडीत अल्पकाळ मिळणारी कमाल शक्ती निर्णायक असते. रोजच्या वापरातील गाडीचे इंजिन मात्र थंड असतानाही सहज चालू व्हावे लागते, वाहतूक कोंडीत तापून चालत नाही आणि त्याचे सुटे भाग वेळेवर मिळावे लागतात. त्यामुळे अशा गाडीसाठी इंजिन निवडताना अश्वशक्तीपेक्षा संपूर्ण यंत्रणेचा विश्वासार्हपणा महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात अधिक हवा दाबून भरतो. या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतले. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर यांच्या रूपाने टर्बोचार्जर प्रवासी गाड्यांत आला. जेटफायरमधील संपीडन गुणोत्तर १०.२५ : १ इतके जास्त होते. इंधनाचा अकाली स्फोट टाळण्यासाठी त्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. या मिश्रणाची टाकी पुन्हा भरण्याकडे अनेक मालकांचे दुर्लक्ष होत असे आणि ती रिकामी असताना इंजिनाची शक्ती मर्यादित होई. हे मॉडेल दोन वर्षांतच बंद पडले. रोजच्या वापरातील यंत्राला नेहमीच्या देखभालीबाहेरची काळजी लागता कामा नये, हे या उदाहरणातून दिसते.

निवडीचे निकष

कारखान्यातूनच टर्बोचार्जरसह तयार झालेले इंजिन सामान्यतः अधिक विश्वासार्ह मानले जाते. कारण त्याचे पिस्टन, संपीडन गुणोत्तर, तेलाचा प्रवाह आणि नियंत्रण संगणक त्याच दाबासाठी आखलेले असतात. याशिवाय पुढील बाबी पाहिल्या जातात :

• इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग व नियंत्रण संगणक एकाच गाडीतील असणे
• कमी फेऱ्यांवर पुरेसे पीळबल मिळणे
• गाडीत मोठा रेडिएटर व इंटरकूलर यांना जागा असणे
• फिल्टर, पट्टे, सेन्सर इत्यादी भाग सहज उपलब्ध असणे

उदाहरण : टोयोटा १जेझेड-जीटीई

टोयोटाचे १जेझेड-जीटीई हे २,४९२ घन सेंटिमीटरचे, ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन १९९० पासून जपानी गाड्यांत बसवले गेले. त्याचा ब्लॉक बिडाचा असून तो टिकाऊ म्हणून ओळखला जातो. पहिल्या आवृत्तीत दोन टर्बोचार्जर होते आणि कमाल पीळबल ४,८०० फेऱ्यांवर मिळे. १९९६ मधील सुधारित आवृत्तीत एकच टर्बोचार्जर व बदलती व्हॉल्व्ह-वेळ योजना आली. तिचे सुमारे ३७८ न्यूटन-मीटर इतके कमाल पीळबल २,४०० फेऱ्यांवरच मिळू लागले. दोन्हींची घोषित शक्ती २८० अश्वशक्तीच होती, तरी शहरातील वापरासाठी दुसरी आवृत्ती अधिक सोयीची ठरते.

लेक्सस एससी ३०० या गाडीत मुळातच जेझेड कुळातील २जेझेड-जीई इंजिन असल्याने तिच्यात हा बदल तुलनेने सुलभ होतो. पहिल्या आवृत्तीतील टर्बाइनची चाके सिरॅमिकची असून दाब वाढवल्यास ती फुटू शकतात. म्हणून मूळ दाब कायम ठेवणे हितावह असते.

बसवणी व देखभाल

जुने इंजिन घेण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा संपीडन दाब तपासला जातो. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, तेलाची सील व रबरी नळ्या इंजिन गाडीबाहेर असतानाच बदलणे सोपे व स्वस्त पडते. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर फिरतो. त्यामुळे योग्य प्रतीचे तेल ठरावीक अंतरानंतर बदलणे अत्यावश्यक असते. वाढलेल्या शक्तीनुसार क्लच व ब्रेक यांचीही क्षमता वाढवावी लागते.

कायदेशीर बाजू

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाइतके किंवा त्याहून नवे असावे लागते आणि त्याची प्रदूषण नियंत्रण साधने कायम ठेवावी लागतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करण्यास मनाई आहे; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. नोंद न केलेला बदल अपघातानंतरच्या विमा दाव्यातही वादाचे कारण ठरू शकतो. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वीच स्थानिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.